प्रत्यक्ष कर्म: इंग्रजीतील स्थान आणि मराठीतील नाते

इंग्रजी व्याकरणातील 'डायरेक्ट ऑब्जेक्ट' या संज्ञेसाठी मराठीत 'प्रत्यक्ष कर्म' हा पर्याय रूढ आहे. शालेय अध्यापनापुरता तो सोयीचा असला, तरी दोन भाषांतील साहित्यकृतींचा तौलनिक विचार करू लागताच त्यातील अडचण जाणवते. 'ऑब्जेक्ट' ही वाक्यरचनेतील कार्य दर्शविणारी संज्ञा आहे. 'कर्म' ही क्रियेशी असलेले नाते दर्शविणारी. या दोहोंतील भेद दृष्टीआड झाला, तर भाषांतराच्या मूल्यमापनात भाषेचे वैशिष्ट्य आणि लेखकाची शैली यांची गल्लत होते.

पाणिनीच्या कारकविचारात कर्त्याला आपल्या क्रियेने जे प्राप्त करून घेणे सर्वाधिक इष्ट असते, ते कर्म होय. कारक हे नाते आणि विभक्ती हे रूप, अशी ही द्विस्तरीय मांडणी आहे. त्यामुळे 'रामाने पोथी वाचली' आणि 'रामाकडून पोथी वाचली गेली' या दोन्ही वाक्यांत 'पोथी' हे कर्मच राहते. इंग्रजीत मात्र 'राम रेड द बुक' या वाक्यात 'द बुक' हा ऑब्जेक्ट, तर 'द बुक वॉज रेड बाय राम' या वाक्यात तोच शब्दसमूह सब्जेक्ट ठरतो. नाते तेच राहिले. वाक्यातील कार्य बदलले.

इंग्रजीतील हे कार्य ओळखायचे कसे? क्रियापदाला 'व्हॉट' किंवा 'हूम' लावून प्रश्न विचारावा, ही रूढ युक्ती अपुरी आहे. 'शी बिकेम अ डॉक्टर' या वाक्यातही 'व्हॉट'चे उत्तर मिळते. पण 'अ डॉक्टर' हे तेथे विधानपूरक आहे, कर्म नव्हे. प्रयोगपरिवर्तनाची कसोटी अधिक भरवशाची आहे, कारण ऑब्जेक्ट कर्मणी रचनेत सब्जेक्टच्या जागी येऊ शकतो. तिलाही अपवाद आहेत. 'शी हॅज टू ब्रदर्स' या वाक्यात 'टू ब्रदर्स' हा ऑब्जेक्ट असूनही त्याचे असे परिवर्तन होत नाही. उलट 'शी गेव्ह द बॉय अ बुक' या द्विकर्मक वाक्यात प्रत्यक्ष कर्म 'अ बुक' आहे. तरी कर्मणी रचनेत 'द बॉय' हे अप्रत्यक्ष कर्मही सब्जेक्टच्या जागी जाते. म्हणून अर्थ, स्थान आणि परिवर्तन या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो.

त्यांपैकी स्थानाला इंग्रजीत एवढे महत्त्व का आले, याचे उत्तर त्या भाषेच्या इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत विभक्तीची रूपे होती. 'राजा' या अर्थाचे नाम कर्ता असता त्यामागील दर्शक 'से' असे, कर्म असता 'थोने'. मध्य इंग्रजीच्या काळात हे प्रत्यय झिजत गेले आणि कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम दृढ झाला. आज 'द टायगर किल्ड द मॅन' या वाक्यातील नामांची अदलाबदल केली की मारणारा आणि मरणारा बदलतात. मराठीत 'वाघाने माणसाला मारले' आणि 'माणसाला वाघाने मारले' यांत घटना तीच राहते; केवळ भर सरकतो.

याचा अर्थ मराठीत प्रत्यय पाहिला की कर्म सापडते, असा मात्र नाही. अचेतन कर्म बहुधा प्रत्ययाविना येते आणि भूतकाळात क्रियापदालाच आपले लिंग-वचन देते: 'तिने ग्रंथ वाचला', 'तिने पोथी वाचली'. चेतन कर्माला 'ला' लागतो आणि क्रियापद भावे प्रयोगात स्थिरावते: 'तिने मुलीला पाहिले'. हाच 'ला' संप्रदानालाही लागतो, आणि अनुभव घेणाऱ्यालाही: 'तिला चंद्र दिसला', 'तिला कविता आवडते'.

या शेवटच्या रचनेत दोन भाषांतील अंतर सर्वांत स्पष्ट दिसते. 'शी लाइक्स द पोएम' या वाक्यात कविता ऑब्जेक्ट आहे; मराठीत क्रियापद कवितेच्या अनुरोधाने चालते आणि आवडणारी व्यक्ती 'ला'सह उभी असते. विशेष म्हणजे इंग्रजीही एकेकाळी याच वाटेवर होती. आजच्या 'लाइक'चे जुने रूप 'आवडणे', 'रुचणे' अशा अर्थाचे असून व्यक्तिवाचक नाम त्याच्यासोबत चतुर्थीत येई. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी राजा आणि नाशपती यांच्या उदाहरणाने हे परिवर्तन समजावले आहे. आरंभी रचना 'राजाला नाशपती आवडल्या' अशी होती. प्रत्यय लोपल्यावर क्रियापदापूर्वीचा राजा सब्जेक्ट मानला जाऊ लागला आणि नाशपती ऑब्जेक्ट झाल्या. इंग्रजी वाक्यातील अनुभव घेणारा 'मी' मराठीत 'मला' होतो, तेव्हा भाषांतरकाराने त्या पात्राला निष्क्रिय केले, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरेल. तो मराठी क्रियापदाचा धर्म आहे.

याच्या उलट, जेथे शैलीचा प्रश्न खरोखरच आहे, तेथे मराठी वाक्य तो झाकून टाकू शकते. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' (1667) या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात सैतानाच्या पतनाचे वर्णन 'हिम' या कर्मरूपाने सुरू होते. कर्ता आणि क्रियापद मागाहून येतात. सर्वनामांत द्विविध रूपे टिकून राहिली म्हणूनच ही उलट रचना संदिग्ध होत नाही. कर्म आपल्या नियत स्थानापासून दूर आल्याने वाचक थबकतो. मराठीत 'त्याला' हा शब्द आरंभी ठेवला, तर क्रम राखला जातो. परंतु तो धक्का राहत नाही, कारण कर्माने प्रारंभ होणारे वाक्य मराठीला नित्याचे आहे. तो परिणाम साधण्यासाठी भाषांतरकाराला, उदाहरणार्थ, कर्म क्रियापदापलीकडे नेण्याचा मार्ग शोधावा लागेल.

तेव्हा मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवताना कर्म कोठे आहे, एवढेच विचारणे पुरेसे नाही. ते तेथे भाषेच्या नियमाने आले की लेखकाच्या निवडीने, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. 'प्रत्यक्ष कर्म' हा पर्याय टाकून देण्याचे कारण नाही. मात्र त्या एका नावाखाली इंग्रजीतील स्थान आणि मराठीतील नाते अशा दोन वेगळ्या गोष्टी वावरतात, याचे भान अभ्यासकाने राखणे आवश्यक आहे.