सुटींत घरीं आलेला विद्यार्थी

डिसेंबर महिना सरत आला, कीं बदलापूरजवळच्या शिरगांवांत घरोघरीं एक निराळीच लगबग सुरू होते. पुण्यास, पवईस किंवा त्याहूनहि दूर वसतिगृहांत राहणारीं मुलें सुटीसाठीं घरीं येतात. रोज पहाटेची लोकल गांठून मुंबईच्या महाविद्यालयांत जाणारींहि चार दिवस घरांत दिसूं लागतात. आजी डिंकाचे लाडू वळून ठेवते, धाकटीं भावंडें दाराशीं घुटमळतात. आणि मुलगा उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोंच काकांचा प्रश्न येतो, "काय रे, निकाल काय म्हणतोय?"

प्रश्न मायेचाच असतो, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु एकत्र कुटुंबांत कोणताहि प्रश्न एकदांच विचारला जात नाहीं, हें आपण विसरतों. काकांनंतर आत्या, आत्यांनंतर शेजारच्या वहिनी, आणि रात्रीं पानावर बसल्यावर वडील! ज्याचा निकाल चांगला, तो हंसून उत्तर देतो. ज्याचा एखादा विषय राहिला आहे, तो दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांची चाहूल लागली कीं खोलीचें दार लावून घेतो. सुटी विश्रांतीसाठीं होती. आपण तिची तोंडी परीक्षा करून टाकली.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सत्र चालू असतांना दिनक्रम मनाला सांवरून धरतो. बदलापूरहून मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस सुमारें ६८ किलोमीटर. जातांयेतां दिवसाचे तीन तास गाडींत जातात. तो त्रास खराच. पण ठरलेल्या डब्यांतले सोबती त्याच तासांत भेटतात आणि मन मोकळें होतें. वसतिगृहांत शेजारच्या खोलींतला मित्र असतो. सुटी लागली कीं ही सोबत एका दिवसांत तुटते, झोपण्याउठण्याची वेळ ढळते, आणि कामाखालीं दडपलेलें दुःख वर येतें. म्हणूनच मुलाच्या मनाची खरी अवस्था पुष्कळदां घरच्यांच्याच प्रथम दृष्टीस पडते. ही घराची जबाबदारी आहे, तशी संधीहि आहे.

प्रत्येक आळस म्हणजे आजार नव्हे. परीक्षेनंतर चार दिवस उशिरांपर्यंत लोळणारा मुलगा बहुधा थकलेला असतो; त्याला झोपूं द्यावें. परंतु उदासी, चिडचिड किंवा आवडत्या गोष्टींविषयींची अनास्था दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली, झोप व भूक बिघडली, "माझा कोणाला उपयोग नाहीं" अशी भाषा तोंडीं येऊं लागली, तर तो स्वभाव नसून आजाराचें लक्षण असूं शकतें. सुटी तर आठदहा दिवसांचीच. म्हणून हें कधींपासून चाललें आहे, तें त्यालाच हळुवारपणें विचारावें लागतें.

विचारावें कसें? समोर बसवून, साऱ्या घरादेखत तर नव्हेच. संध्याकाळीं बरोबर फिरावयास जावें, किंवा मटार सोलतांना जवळ बसवावें. बोलणारानें एकट्यानेंच बोलावें, आणि बोलण्याहून ऐकावें अधिक. आईबापांना जें सांगवत नाहीं तें काकूला सांगतां येतें, हें एकत्र कुटुंबाचें मोठें सामर्थ्य आहे. मात्र काकूला विश्वासानें सांगितलेलें रात्रीच्या जेवणांत चर्चेस आलें, तर तें दार पुन्हा उघडत नाहीं. मुलींच्या बाबतींत सुटींतच 'स्थळा'चा विषय काढण्याचा मोहहि आवरावा.

या गोष्टी क्षुल्लक नाहींत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२१ या एका वर्षांत देशांतील १३,०८९ विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केली, आणि त्यांत महाराष्ट्राचा आंकडा सर्वांत मोठा होता. म्हणून मुलाच्या बोलण्यांत जगण्याविषयींच निराशा दिसली, तर "जीव द्यावासा वाटतो का?" असें स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मनावरचें ओझें कांहींसें हलकें होतें. उत्तर होकारार्थी आलें तर रागावूं नये, शपथा घालूं नयेत. त्याला एकटें सोडूं नये, घरांतील औषधें दूर ठेवावीं, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. पोलिसांच्या भयानें लपवालपवी करण्याचेंहि कारण नाहीं. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ति तीव्र मानसिक ताणाखालीं होती, असेंच २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गृहीत धरतो.

आमच्या या रेल्वेमार्गावरील घरांतून एक थट्टा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे: "ह्याला ठाण्याला पाठवा!" ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें, थट्टाहि जवळजवळ तितकीच जुनी असावी. करणारा ती क्षणांत विसरतो. पण ज्याचें मन खरोखर दुखत आहे, तो ती ऐकून कायमचा गप्प होतो. ताप आला तर आपण वैद्य शोधतों. मग मनाच्याच दुखण्याची लाज कां? त्याच ठाण्यांत डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. भारत सरकारची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे; १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठींतूनहि बोलतां येतें. हा क्रमांक दूधवाल्याच्या व गॅसवाल्याच्या क्रमांकाशेजारींच लिहून ठेवावा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनीं निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें दिला आहे. मुलगा परत जाण्यापूर्वीं त्याच्या महाविद्यालयांतील सोयीची चौकशीहि करावी.

सुटी संपेल, आणि सामानांत लाडवांचा डबा ठेवून आपण त्याला स्थानकावर पोंचवावयास जाऊं. गाडी सुटतांना "अभ्यास नीट कर" हें शब्द संवयीनें ओठांवर येतील. यंदां त्यांऐवजीं एवढेंच म्हणून पाहावें: "निकाल लागेल तो लागो; तूं घरीं येत जा."