झाडीपट्टीचा इतिहास : पदक कुणाला, फास कुणाला

गेल्या आठवड्यात आपण १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांदा जिल्ह्यात इंग्रजी अंमल कसा बसला ते पाहिले. या वेळी त्या अंमलाविरुद्ध चारच वर्षांत उठलेल्या पंचवीस वर्षांच्या गोंड जमीनदाराकडे, बाबूराव शेडमाके यांच्याकडे वळू.

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर देशोदेशीचे पाहुणे वाघ पाहायला येतात. त्यात एखादा डच असेल आणि त्याने बाबूराव शेडमाके कोण असे विचारले, तर गाईडने त्याला योंखीर पीटर याकोब सिक्स यांची आठवण करून द्यावी. सिक्स डच सैन्यातले अधिकारी. मे १९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड घेतले, सैन्याने पाच दिवसांत शस्त्रे खाली ठेवली, राणी विल्हेल्मिना लंडनला गेली. मागे राहिलेल्या काही अधिकाऱ्यांनी ‘ओर्डेदीन्स्ट’ नावाची गुप्त संघटना बांधली. तिच्या ७२ जणांना ३ मे १९४२ रोजी साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतरही सिक्स यांनी ती संघटना युद्ध संपेपर्यंत चालवली. हेरगिरी करायची आणि मिळालेली माहिती लंडनला पोचवायची, हे तिचे मोठे काम.

माहितीचे मोल बाबूरावांच्या लढ्यातही दिसते. मोलमपल्लीचे हे जमीनदार. मार्च १८५८ मध्ये गोंड आणि रोहिले जमवून त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. (रोहिले पोटासाठी लढणारे शिपाई होते, सगळे सैन्य स्वातंत्र्याच्या ध्यासाने पेटले होते असे रंगवण्यात अर्थ नाही.) २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तार खात्याच्या छावणीवर त्यांच्या लोकांनी हल्ला केला. त्या खात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले, त्यांचा सहकारी पीटर निसटला. सत्तावनच्या धामधुमीत तार हे इंग्रजांचे मोठे बळ होते. घोडेस्वाराला दिवस लागायचे ती खबर तारेने काही तासांत पोचे. त्यामुळे दोन नोकरांच्या मृत्यूपेक्षा हा घाव खोल होता.

चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन फौज घेऊन फिरत राहिला, पण नदीनाल्यांच्या त्या रानात ज्याला पायवाटा माहीत, त्याचेच चालते. शेवटी त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंना मदतीसाठी पत्र लिहिले. तिथे डाव फिरला. बाबूराव एकदा हाती लागून निसटले. सप्टेंबरमध्ये पुन्हा सापडले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन केले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात, पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी दिली. फास पुन्हा पुन्हा तुटला, अशी कथा गोंड वस्त्यांत आजही सांगतात. व्यंकटराव बस्तरला पळाले; १८६० मध्ये पकडले गेले, जन्मठेप झाली, इस्टेट जप्त झाली. त्या जप्तीतली ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

इथे त्या डच पाहुण्याला थोडे थांबवावे लागेल. त्यांच्याकडेही घरभेदी होते. अँटोन व्हॅन डर वाल्स याने कित्येक भूमिगतांना जर्मनांच्या हवाली केले. युद्धानंतर त्याच्यावर खटला चालला आणि जानेवारी १९५० मध्ये त्याला गोळ्या घातल्या. सिक्स यांच्या छातीवर विलेम्स ऑर्डर हा तिथला सर्वोच्च लष्करी सन्मान चढला. पाच वर्षांत राणी परत आली होती. कुणाला पदक द्यायचे आणि कुणाला शिक्षा, हे ठरवणारे सरकार त्यांचे स्वतःचे होते. बाबूरावांच्या मागे लंडनला जाऊन बसलेले सरकार नव्हते. गोंडांचे चांद्याचे राज्य भोसल्यांनी आधीच गिळले होते, भोसल्यांचे इंग्रजांनी. त्यामुळे बक्षिसाची थैली फाशी देणाऱ्याच्याच हाती राहिली, आणि पुढची एकोणनव्वद वर्षे राहिली.

लक्ष्मीबाईंना वाल्सच्या पंगतीला बसवणे मात्र मला पटत नाही. वाल्सने पैशासाठी माणसे विकली. लक्ष्मीबाई अहेरीच्या मोठ्या जमीनदारीच्या धनी होत्या. उत्तरेतला उठाव मोडत चाललेला, दाराशी कंपनीची फौज, आणि शेजारच्या जमीनदाराची गावे जप्त होतील हे डोळ्यांसमोर दिसत होते. चुकीचा म्हणा, पण तो संस्थानिकी हिशेब होता आणि तेव्हा देशभर अनेकांनी तो केला.

बाबूरावांच्या नावाचे टपाल तिकीट भारतीय डाक खात्याने १२ मार्च २००९ रोजी काढले. सरकारी मान असा दीडशे वर्षांनी आला. समाजाने त्याची वाट पाहिली नाही. दर २१ ऑक्टोबरला लोक चंद्रपूरच्या, म्हणजे तेव्हाच्या चांद्याच्या, तुरुंगातल्या त्या पिंपळापाशी वंदन करायला जातात. ताडोबाहून परतताना ज्यांची गाडी शहरातून जाते, त्यांनी चालकाला तो तुरुंग दाखवायला सांगावे.

पुढच्या भागात याच जंगलाच्या उत्तर कडेला, चिमूरला जाऊ, साल १९४२.