पवनजनित्र, सुवाह्य

वाऱ्याने फिरणाऱ्या लहान पात्यांच्या साहाय्याने विद्युत् निर्मिती करणारे व उतरवून वाहनातून नेता येण्याजोगे साधन. याच्या घूर्णकाचा (फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा) व्यास सामान्यतः १ ते २ मी. असतो. निवासयान, शिडाची नौका, संशोधकांचा किंवा यात्रेकरूंचा तळ अशा ठिकाणी संचायक घटमाला (बॅटरी) भारित करण्यासाठी त्याचा उपयोग करतात.

कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये पवनचक्कीवर संचायक घट भारित करून आपल्या घरात दिवे लावले. उत्तर ध्रुवाच्या मोहिमेसाठी १८९३ मध्ये निघालेल्या फ्रित्यॉफ नान्सेन यांच्या ‘फ्राम’ या जहाजावर दिव्यांसाठी पवनचक्कीवर चालणारे जनित्र होते. फिरत्या निवासाला वाऱ्याची वीज पुरविण्याचे हे आरंभीचे एक उदाहरण होय. अमेरिकेतील शेतघरांवर १९३० च्या सुमारास अशी लहान जनित्रे पुष्कळ होती. ग्रामीण विद्युतीकरणानंतर ती मागे पडली.

घूर्णक कायम चुंबकाचे जनित्र फिरवितो. त्यातून मिळणारा प्रत्यावर्ती प्रवाह एकदिशकारकातून नेऊन १२ किंवा २४ व्होल्टच्या घटमालेस देतात. घटमाला पूर्ण भारित झाल्यावर जनित्र नुसते सोडून चालत नाही. भार नाहीसा झाला की पाती अनावर वेगाने फिरू लागतात. म्हणून नियंत्रकाने जादा वीज एखाद्या रोधकात (तापणाऱ्या तारेत) वळवावी लागते.

मिळणारी शक्ती घूर्णकाने व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात, परंतु वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वाऱ्यातील शक्तीपैकी जास्तीत जास्त ५९·३ टक्के काढून घेता येते, ही मर्यादा आल्बेर्ट बेट्स यांच्या नावाने ओळखली जाते. लहान यंत्रात सर्व ऱ्हास वजा जाता २५ टक्के मिळाले तरी पुरेसे मानावे. दख्खनच्या पठारावर हवेची घनता दर घ.मी.ला सु. १·१ किग्रॅ. धरल्यास १·२ मी. व्यासाचे जनित्र १० मी./से. वेगाच्या वाऱ्यात सु. १५५ वॉट देते, तर ५ मी./से. वेगात केवळ १९ वॉट. विक्रेत्यांच्या पत्रकातील आकडा बहुधा सोसाट्याच्या वाऱ्याचा असतो, हे गिऱ्हाइकाने ध्यानात ठेवलेले बरे.

सोलापूर जिल्ह्यातील करकंब (ता. पंढरपूर) येथील परिस्थिती या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पंढरपूरच्या उत्तरेस सु. २० किमी.वरील या गावावरून त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची पालखी आषाढी एकादशीपूर्वी जाते. दिंड्यांबरोबरच्या मालमोटारी राहुट्या, भांडी व शिधा वाहून नेतात; मुक्कामी त्यांच्याच आधाराने दिवे लावले जातात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. परंतु मुक्कामाची गाडी ही वस्तू वारकऱ्यांना त्याआधीपासून परिचित होती. सहा दिवे (प्रत्येकी ५ वॉट) पाच तास लावल्यास १५० वॉट-तास आणि दहा दूरध्वनी संच भारित करण्यास सु. १२० वॉट-तास, म्हणजे एकूण २७० वॉट-तास लागतात. मोकळ्यावर दिवसभर सरासरी ५ मी./से. वारा असल्यास वरील जनित्र ४५० वॉट-तासांपर्यंत वीज देऊ शकते. या पर्जन्यछायेच्या प्रदेशात जून-जुलैत पाऊस थोडा, आभाळ झाकलेले आणि पश्चिमेकडील वारा जोराचा असतो. सौर तक्ते मंदावतात तेव्हाच वाऱ्याची वीज मिळावी, हा योग चांगला.

अडचण निराळी आहे. मालमोटार रात्रीपुरती थांबते, आणि तीही पठाराच्या कड्यावर नव्हे, तर गावाजवळ, झाडांच्या वा उसाच्या आडोशाला. वनकुसवडे (जि. सातारा) येथील मोठ्या पवनचक्क्या उंच पठारावर उभारल्या आहेत, त्या याच कारणाने. उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या माथ्याइतक्या उंच उसामागे वाऱ्याचा वेग निम्मा झाला, तर शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. पाती फिरू लागण्यासच सु. ३ मी./से. वेग लागत असल्याने यंत्र मुळी उभेच राहील. शेजारच्या अडथळ्यांपेक्षा घूर्णक पुष्कळ उंच हवा, म्हणजे ताणतारांनी बांधलेला खांब हवा. पात्यांची टोके वाऱ्याच्या सहापट वेगाने फिरत असल्यास १० मी./से. वाऱ्यात त्यांचा वेग ताशी २१६ किमी. होतो. अंधारात हजारो माणसे वावरत असलेल्या तळावर ताणतारा आणि अशी पाती यांचा धोका पत्करणे प्रस्तुत लेखकास युक्त वाटत नाही.

याच शिवारात हिवाळ्यात ऊसतोड कामगारांच्या कोप्या महिनोन्‌महिने असतात. मुक्काम दीर्घ, गर्दी माफक, दिव्याची गरज तर वारकऱ्यांपेक्षाही अधिक, कारण सापविंचवांचे भय असते व तोड पहाटेच सुरू होते. परंतु ऑक्टोबरनंतर वारा पडतो आणि आकाश निरभ्र राहते. त्यांना १०० वॉटचा सौर तक्ताच अधिक उपयोगी व स्वस्त. पवनजनित्र शोभते ते पावसाळ्यात उघड्या माळावर काही आठवडे राहणाऱ्या तळाला, आणि तेही सौर तक्त्याच्या जोडीला.

धावत्या गाडीच्या टपावर जनित्र बसवून फुकट वीज मिळते, हा समज चुकीचा आहे. पाती हवेचा जो अवरोध वाढवितात, त्यावर मात करण्यास इंजिनाला जादा इंधन जाळावे लागते व तेवढी ऊर्जा विजेच्या रूपाने परत मिळत नाही. त्यापेक्षा इंजिनावरील प्रत्यावर्तकानेच घटमाला भारित करणे श्रेयस्कर. उभ्या गाडीच्या टपावरही खांब रोवू नये. कंपने सांगाड्यातून आत पोहोचून झोपमोड करतात.

खांब दूर रोवल्यावर तारेचा ऱ्हास वाढतो. १२ व्होल्टवर १०० वॉट म्हणजे ८ अँपिअरहून अधिक प्रवाह, २० मी. अंतरावर २·५ चौ.मिमी. छेदाची तांब्याची जोडतार वापरल्यास २ व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो. १० चौ.मिमी.ची तार घ्यावी किंवा २४ व्होल्टची घटमाला ठेवावी. वादळाची चिन्हे दिसताच जनित्राची अग्रे जोडून (लघुमंडल करून) पाती मंद करतात व नंतर खांब आडवा करतात; पाती पूर्ण वेगात असताना असे केल्यास वेटोळी जळण्याचा संभव असतो.