जुनी जीप अडली? शोध टाकीपासून घ्या

शेतकरी बंधूंनो, भाजी भरलेली जुनी पेट्रोल जीप पहाटे बाजाराच्या वाटेवर अडली, की माल कोमेजतो अन् दरही जातो. अशा वेळी पुष्कळजण आधी कार्बोरेटर खोलून बसतात. तसे करू नका. पेट्रोल ज्या वाटेने येते, त्याच वाटेने दोष शोधावा.

प्रथम टाकीचे झाकण सैल करा. गाडी सुधारली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. नाहीतर इंजिन गार होऊ द्या, कॉइलची स्विचकडची वायर काढा, कार्बोरेटरचा पाइप बाटलीत सोडून स्टार्टर मारा. धार आली नाही, तर फिल्टर, रबरी नळी, पंपाचा पडदा पाहा. धार चांगली असेल तरच कार्बोरेटर खोला. जेटमध्ये तार घालू नये. भोक मोठे होऊन पेट्रोल जास्त जळते. हवा मारली की पुरे.

२०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. ते आपल्या उसापासूनही बनते, पण जुन्या रबराला सोसत नाही. नळ्या अन् पडदा त्याला टिकणारेच घ्या.

शेवटी एकच: बिडी-काडी लांब ठेवा, नळीने तोंडाने पेट्रोल ओढू नका. ते फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. गाडी उद्याही दुरुस्त होईल.