बसलं म्हणजे चाललं, असं नाही

दिवाळीचा बोनस खात्यात पडला की पिंपरी-चिंचवडमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक ठरावीक गिऱ्हाईक दिसू लागतं. वडील भोसरीच्या नाहीतर चाकणच्या कंपनीत, मुलगा आकुर्डी-निगडीकडे इंजिनिअरिंगला किंवा डिप्लोमाला, आणि मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपने आलेलं एक कोटेशन. बजेट चाळीस ते पन्नास हजार. वडील एकच विचारतात, "यात गेम चालतील ना?" उत्तरही ठरलेलं : "सगळं चालतं, काका."

विचारायला हवं ते वेगळंच. या यादीतले सात-आठ पार्ट एकमेकांबरोबर चालतात का? कमी बजेटच्या पीसीत एखादा पार्ट थोडा मंद निघाला तर फारसं बिघडत नाही, गेमचं सेटिंग एक पायरी खाली आणलं की भागतं. पण दोन पार्ट जुळलेच नाहीत तर पैसा अडकतो, कारण फोडलेला बॉक्स सहसा कुणी परत घेत नाही. कोटेशन घेऊन निघण्यापूर्वी डोक्यातून काढून टाकावेत असे काही समज पाहू.

"सॉकेटचा नंबर जुळला, मग झालं"

कंपनीत ड्रॉइंगचा नंबर तोच असतो आणि रिव्हिजन बदललेली असते. जुन्या रिव्हिजनचा पार्ट लाइनवर गेला तर काय होतं, हे चाकणमध्ये कुणाला सांगायला नको. प्रोसेसरच्या सॉकेटचंही तसंच आहे. इंटेलने २०१५मध्ये सहाव्या पिढीसाठी एलजीए ११५१ सॉकेट आणलं. २०१७मध्ये आठवी पिढी आली तीही ११५१वरच. पिनांची संख्या तीच, तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीच्या मदरबोर्डवर चालत नाही. जुन्या बाजारात हे बोर्ड अजून फिरतात आणि 'आठवीला पण चालतो' असं सांगून विकले जातात.

एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट जरा निराळी. २०१७च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर या एकाच सॉकेटवर आले. त्यामुळे २०२२मध्ये आलेला रायझन ५ ५६०० हा जुन्या बी४५० बोर्डवर चालतो, पण बायॉस अपडेट केल्यावरच. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डवर जुना बायॉस असेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन काळी राहते. मग प्रोसेसर खराब म्हणून धावपळ सुरू होते. अपडेट दुकानातच करून घ्यावं.

आजच्या बाजारात इंटेलच्या बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीला एलजीए १७०० लागतं. रायझन ७००० आणि त्यापुढच्यांना एएम५. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५ बरं, कारण या सॉकेटला २०२७ आणि त्यानंतरही साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. एलजीए १७००चा रस्ता चौदाव्या पिढीपाशी संपला. तरीही पहिला पीसी घेणाऱ्याने यासाठी फार जीव टाकू नये. चार वर्षांनी प्रोसेसर बदलू म्हणणारे पुष्कळ, बदलणारे थोडे.

"प्रोसेसर आत्ता, ग्राफिक्स कार्ड पुढच्या बोनसला"

बेत वाईट नाही, फक्त प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघायला हवं. इंटेल आय५-१२४००एफ मधला 'एफ' सांगतो की आत ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६००मध्येही नाही. असा प्रोसेसर घेऊन मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली तर काहीच दिसणार नाही, विंडोजसुद्धा टाकता येणार नाही. बोर्डवर एचडीएमआयचं छिद्र आहे म्हणून चित्र येईल, हा समज फार जणांना महागात पडतो.

कार्ड पुढे ढकलायचं असेल तर रायझन ५ ५६००जी सारखा 'जी'वाला प्रोसेसर घ्यावा. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ बेताच्या सेटिंगवर त्यावर चालतात. एक मेख मात्र आहे. ५६००जी फक्त पीसीआय एक्सप्रेस ३.० पर्यंतच जातो. पुढे त्यावर आरएक्स ६५०० एक्सटी लावलं, तर त्या कार्डाला मुळात चारच लेन आणि त्याही अर्ध्या वेगाने मिळतात. त्यात कार्डाची मेमरी ४ जीबी. ती भरली की कार्ड मुख्य रॅमकडे धावतं, नेमकं तेव्हाच रस्ता अरुंद असतो आणि गेम अडखळतो. त्याऐवजी आठ लेनचं, ८ जीबीचं आरएक्स ६६०० लावलं तर हा त्रास जाणवत नाही.

"चार जीबीचं कार्ड आहे, गेमिंगचं आहे"

कार्डाची ताकद जीबीत मोजायची सवय कुणी लावली कोण जाणे. जीटी ७३० हे २०१४चं कार्ड अजूनही ४ जीबीच्या स्टिकरसह नवंकोरं मिळतं. २०१९चं जीटीएक्स १६५०देखील ४ जीबीचं. पण जीटीएक्स १६५०ची मेमरी सेकंदाला १२८ जीबी माल वाहते आणि डीडीआर३ मेमरीचं जीटी ७३० तीसच्याही आत. जीबी म्हणजे गोदामाचं क्षेत्रफळ, दाराची रुंदी त्यातून कळत नाही. कोटेशनवर नुसतं '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' लिहिलेलं असेल तर समजून जावं.

रॅम

डीडीआर४ आणि डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असते. एक दुसऱ्याच्या जागी बसतच नाही, त्यामुळे इथे निदान जाळून घेण्याची भीती नाही. गोंधळ होतो तो बोर्डमुळे. बी७६० चिपसेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात आणि नावं जवळजवळ सारखी असतात. बऱ्याचदा 'डी४' एवढाच फरक.

दुसरा घोळ वेगाचा. पाकिटावर ३२०० छापलेली रॅम लावली की आपोआप ३२००वर चालेल असं नाही. बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करेपर्यंत ती अनेक बोर्डांवर कमी वेगाने पळते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वेग दिसतो, घरी गेल्यावर तेवढं बघा.

एक १६ की दोन ८? दोन पट्ट्या लावल्या तर प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. वेगळं कार्ड नसेल तर याने गेमच्या वेगात डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो, कारण आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, एआयच्या डेटा सेंटरांनी माल ओढून घेतला. तेव्हा एकच पट्टी घेऊन थांबण्याचा मोह होतो. ग्राफिक्स कार्ड असेल आणि दुसरी पट्टी पुढे खरोखर घेणार असाल तर थांबा. 'जी'वाल्या प्रोसेसरवर मात्र ही काटकसर करू नका. आणि जुन्या पीसीत चांगली डीडीआर४ पडलेली असेल तर मुकाट्याने डीडीआर४चा बोर्ड घ्यावा. यात कमीपणा नाही.

"एसएमपीएस काय, कॅबिनेटबरोबर फुकट येतो"

पन्नास हजारांच्या पीसीत सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज हाच.

फुकटातला एसएमपीएस हातात घ्या आणि त्याच्या अंगावरचं स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट असेल. खाली बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात समजा १८ अँपिअर लिहिलंय. बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. आय५-१२४००एफची इंटेलने दिलेली कमाल मर्यादा ११७ वॉट, आरएक्स ६६००ची १३२. बेरीज २४९. दोघं एकाच वेळी कमाल मर्यादेला जातील असं क्वचितच घडतं, पण कार्ड क्षणभर आपल्या आकड्याच्या वरही उसळी मारतं. ४५० वॉटचा पीसी ऐन गेममध्ये रीस्टार्ट होतो तो अशाने. मग लोक विंडोज पुन्हा टाकत बसतात.

'८० प्लस' हा शिक्काही दर्जाचा दाखला म्हणून दाखवला जातो. त्याचा अर्थ मर्यादित आहे : भिंतीतून घेतलेल्या विजेतली किमान ८० टक्के आतल्या पार्टांपर्यंत पोचते. बाकी एसएमपीएस किती टिकेल, शॉर्ट झाल्यावर वेळेत बंद पडेल का, यावर तो काही बोलत नाही. त्यासाठी कंपनीचं नाव, वॉरंटीची वर्षं आणि ते १२ व्होल्टचं गणित बघावं.

उलट बाजूची भीतीही ऐकू येते, "६५० वॉटचा लावला तर बिल वाढेल." वाढत नाही. एसएमपीएस मागणीपुरतीच वीज ओढतो. पार्टांना २५० वॉट लागत असतील तर ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून सुमारे ३१२ वॉट घेईल, ८८ टक्क्यांचा सुमारे २८४. चांगल्याने बिल झालं तर थोडं कमीच होईल.

आता आपल्याकडचा गुरुवार. औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून महावितरणची दुरुस्तीची कामंही त्याच दिवशी निघतात आणि वीज जाते. म्हणून यूपीएस घेतात, आणि '६०० व्हीए' म्हणजे ६०० वॉट समजतात. असे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच देतात. गेम चालू असताना मॉनिटर धरून भार त्याच्या अगदी जवळ जातो. यूपीएस आहे तो गेम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरता, मॅच संपवण्यासाठी नाही.

चाकण, म्हाळुंगे, खराबवाडीकडच्या भाड्याच्या खोल्यांत आणखी एक अनुभव येतो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. दोष एसएमपीएसचा धरून तो बदलला जातो आणि झिणझिण्या तशाच राहतात. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. त्याने अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायचं असतं. खोलीला अर्थिंगच नसेल, किंवा दोन पिनांचं एक्स्टेन्शन लावलं असेल, तर तो पत्र्यावरच थांबतो. वायरमनला बोलवा, दुकानदाराला नको.

"लॉटमधला आय७ घेतला, वर कार्ड टाकलं की झालं"

हिंजवडीसारख्या ठिकाणच्या कंपन्या ठरावीक वर्षांनी ऑफिसचे पीसी बदलतात आणि ते लॉटने बाजारात येतात. ऑफिसकामासाठी, मुलांच्या अभ्यासासाठी हा माल उत्तम. गेमिंगसाठी त्यात दोन खड्डे आहेत. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०च्या मदरबोर्डला नेहमीचं २४ पिनांचं नाही, कंपनीचं स्वतःचं ८ पिनांचं वीजजोड असतं. एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी१ला ६ पिनांचं. बाजारातला चांगला एसएमपीएस सरळ लागत नाही, कन्व्हर्टर शोधावा लागतो. अरुंद कॅबिनेट असेल तर पूर्ण उंचीचं कार्डही मावत नाही. अशा पीसीत स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागणारं, कमी उंचीचं कार्डच घालावं लागतं. उदाहरणार्थ ७० वॉटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी, तेही लो-प्रोफाइल प्रकारातलं.

दुसरा खड्डा आय७ या नावाचा. २०१३च्या आय७-४७७०मध्ये चार कोर आणि आठ थ्रेड. अलीकडच्या आय३-१२१००एफमध्येही तेवढेच, आणि प्रत्येक कोर कितीतरी वेगवान. शिवाय विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि त्यावर व्हॅलोरंट टीपीएम २.० व सिक्युअर बूट मागतं. कसंबसं विंडोज ११ चढवलेल्या चौथ्या पिढीच्या आय७वर मुलगा ज्या गेमसाठी अडून बसला, तोच उघडत नाही.

जाता जाता : 'असेंबल्ड' म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांसाठी. पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये उभा केलेला परम ८००० हा महासंगणकदेखील बाजारात मिळणाऱ्या, इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपा जोडूनच बनला होता. जोडणी कुणाची आणि किती विचारपूर्वक, यावर सगळं ठरतं.

उरलेलं थोडक्यात. एसएसडीने गेम लवकर उघडतो, एफपीएस वाढत नाहीत. एम.२ आकाराची प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई नसते, काही साटा असतात आणि त्या सगळ्या स्लॉटांत चालतील असं नाही, बोर्डच्या पुस्तिकेत बघावं. 'बॉटलनेक' टक्क्यांत सांगणारे कॅल्क्युलेटर निरुपयोगी, कारण गेम आणि रिझोल्यूशन बदललं की उत्तर बदलतं. कॅबिनेट घेताना कार्डाची लांबी मोजा. समोर बंद काच असलेलं दिसतं छान, हवा मात्र घेत नाही. १२४००एफ आणि ५६०० यांना बॉक्समधला कूलर पुरतो. वेगळ्या वॉटर कूलरचे पैसे कार्डात घाला. बॉक्सशिवायचा 'ट्रे' प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याबरोबर कूलर येत नाही आणि वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर असते.

भाव तुलनेसाठी पुण्यात जायचं तर पीसीएमसी स्टेशनवरून मेट्रो थेट मंडईपर्यंत जाते, एक चक्कर वाया जात नाही. पण कुठूनही घ्या, '१६ जीबी रॅम', '५०० वॉट एसएमपीएस' एवढंच लिहिलेलं कोटेशन परत पाठवा आणि प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहून मागा. "बिल नको असेल तर कमी करतो" या सवलतीला भुलू नका. वाचलेला १८ टक्के जीएसटी, कार्ड दुसऱ्या वर्षी बंद पडलं आणि सर्व्हिस सेंटरने बिल मागितलं की दुपटीने जातो. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि स्क्रीनवर विंडोज उघडलेलं बघितल्याशिवाय दुकानातून निघू नका.