हातातून पेन निसटलं तर...



मागच्या लागणीच्या नोंदी घेतानाची गोष्ट. यावलजवळच्या एका गावी आमचे जुने सभासद आबा अर्जावर सही करायला बसले. उजव्या हातातून पेन निसटलं. उचललं, पुन्हा निसटलं. दुखणं नाही, तोंड वाकडं नाही, बोलणं खणखणीत. "रात्री हातावर झोपलो होतो, रग लागली असेल," म्हणाले. मीही डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि पुढच्या शिवारात गेलो. चूक माझीच. चौथ्या दिवशी आबांची सगळी उजवी बाजू गेली.

अर्धांगवायू म्हणजे अर्धं अंग जाणारच, हा आपला समज. पण मेंदूत हाताची हालचाल चालवणारी जागा वेगळी असते. तेवढ्याच जागेचं रक्त अडलं तर नुसता पंजा किंवा दोन-तीन बोटं लुळी पडतात, बाकी माणूस धडधाकट. हातावर झोपल्यानं नस दबूनही मनगट लोंबतं हे खरं, पण दोहोंतला फरक डॉक्टरांनी ठरवायचा, आपण बांधावर नाही. कोणाला बोटं आणि त्याच बाजूचा ओठाचा कोपरा एकदम बधिर होतो. क्वचित हात मालकाचं ऐकतच नाही. १९०८ साली गोल्डस्टाइन या जर्मन डॉक्टरांनी अशा बाईची नोंद केली, जिचा डावा हात तिचाच गळा धरायचा! आपल्याकडे याला बाहेरची बाधाच म्हटलं असतं.

ओळखायची खूण एकच: अचानक. कोयता चालवून भरून आलेला हात हळूहळू दुखत जातो. हा मात्र घटकेत जातो, बहुधा न दुखता. थोड्या वेळानं आपोआप बरा झाला तरी दवाखाना टाळू नये, पुढचे दोन दिवस जास्त धोक्याचे असतात.

हात शेवटचा नीट कधी होता ती वेळ लिहून ठेवा आणि १०८ला फोन लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देता येतं, तेही सी.टी. स्कॅन करून, रक्तस्राव नाही हे पाहून. म्हणून घरची ॲस्पिरिनही मनानं देऊ नये. कबुतराचं रक्त चोळण्यात ते तास गेलेली घरं आमच्या पाहण्यात आहेत.

आबा आता काठीनं बांधापर्यंत येतात. सही डाव्या हातानं करतात. बँकेत नमुना सही बदलायला मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो.

— ऊस विकास अधिकारी