वीज काढली म्हणून पाण्याचा कस जातो का?



धरणाच्या पाण्यातून आधी वीज काढून घेतात, मग त्या पाण्यात कस राहत नाही आणि ते पिकाला मानवत नाही, असं गटाच्या बैठकीत कधीकधी ऐकू येतं. हे खरं आहे का, ते आज पाहू.

आपल्या वाशिमहून हिंगोली ओलांडून गेलं, की परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात येलदरी धरण लागतं. ते पूर्णा नदीवर आहे. ही अकोल्याकडची पूर्णा नव्हे, ही गोदावरीला मिळते. धरणापाशी वीजघर असून त्यात ७.५ मेगावॅटचे तीन संच आहेत. तिन्ही पूर्ण चालले तर तासाला २२,५०० युनिट वीज होते.

गावातली पाण्याची टाकी उंच का बांधतात? नळाला जोर यावा म्हणून. धरणाचंही तसंच आहे. उंचावर साठलेलं पाणी मोठ्या लोखंडी नळातून खाली येतं आणि टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं. पाती फिरली की त्याच दांड्यावरचं जनित्र फिरतं. त्यात तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यांमध्ये चुंबक फिरतो आणि तारांत वीज तयार होते. सायकलचा डायनामो असाच चालतो.

म्हणजे वीज पाण्यात नसतेच. आपण वापरतो तो पडत्या पाण्याचा जोर. पाणी थेंबभरही कमी होत नाही, त्यातले क्षारही तेच राहतात. येलदरीचं पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी शेतात. पिकासाठी ते पहिल्यासारखंच असतं.

मात्र वीज स्वस्तात होते असं समजू नका. पाणी २५ मीटरवरून पडत असेल, तर एका युनिटला साधारण १६ हजार लिटर, म्हणजे मोठे दीड टँकर पाणी खाली सोडावं लागतं. एका युनिटवर १० वॅटचा एलईडी बल्ब १०० तास चालतो. धरणाची पातळी उतरली की जोरही उतरतो. दुष्काळात तर पिण्याचं पाणी आधी राखावं लागतं.

पारसच्या कोळशाच्या केंद्राला थंड स्थितीतून सुरू व्हायला कित्येक तास लागतात, पाण्याचा संच काही मिनिटांत सुरू होतो. म्हणून संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात तेव्हा कोयनेसारखी जलविद्युत केंद्रं फार उपयोगी पडतात.

तेव्हा कालव्याचं पाणी बिनधास्त पिकाला द्या. विनाकारण चालणारा पंखा मात्र बंद करा.